बिनपैशाचे रेसवाले

प्रत्येक मराठी मध्यमवर्गीय घराण्यात एक नातेवाईक रेसपायी बुडालेला असतो. त्याला प्रत्यक्ष कुणी पाहिलेलं नसतं. आजोबांचा चुलत मेहुणा, आत्याचा थोरला दीर, असा तो बेताच्या अंतरावरचा असतो आणि त्याने घालवलेली इस्टेट दर पिढीत वाढत जाते. मी बालवाडीत होतो तेव्हा आमच्या त्या गृहस्थाने गिरगावातली एक खोली घालवली होती. माझ्या मुंजीपर्यंत ती अख्खी चाळ झाली. लग्नाच्या बैठकीत, मुलीकडच्यांसमोर, चाळ अधिक अलिबागची नारळाची वाडी. माणूस जसजसा हरत गेला तसतशी घराण्याची जुनी श्रीमंती वाढत गेली. त्यामुळे त्याला मनापासून वाईट कुणीच म्हणत नाही.

त्याच्या धसक्याने पुढच्या पिढ्यांनी रेसच्या खिडकीकडे पाठ फिरवली. पण घोड्यांविषयी माहिती असायला बंदी कुणी घातली नव्हती. त्यातून आपल्याकडे एक जमात तयार झाली : बिनपैशाचे रेसवाले. पहिली इंडियन डर्बी कुणी जिंकली, घोड्याचा मालक कोण, जॉकी कोण, सगळं तोंडपाठ. पण जन्मात दोन रुपयांचं तिकीट काढलेलं नाही. पुण्या-मुंबईत ही जमात आता किती उरली आहे कोण जाणे. टेक्सासातल्या फ्रिस्कोत मात्र ती खाऊनपिऊन सुखी आहे.

फ्रिस्को म्हटलं की भारतातून फोनवर हमखास विचारतात, "म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच ना? समुद्र जवळ असेल." आम्हाला सगळ्यात जवळचा समुद्र मोटारीने पाच तासांवर आहे. हे गाव डॅलसच्या उत्तरेला, सपाट माळावर वसलेलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथून सेंट लुई–सॅन फ्रान्सिस्को रेल्वेचे रूळ गेले. गावाने आधी स्वतःचं नाव एमर्सन ठेवलं होतं, ते पोस्टखात्याने नाकारलं. मग लोकांनी रेल्वेचं लाडकं नाव घेतलं, फ्रिस्को. गंमत अशी की ती रेल्वे सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत कधी पोहोचलीच नाही. जिथे जायचं ठरवलं आणि जाता आलं नाही त्या ठिकाणाचं नाव मिरवणारं गाव, ग्रीन कार्डच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला लगेच आपलं वाटतं.

गावात डॅलस काउबॉइजचं मुख्यालय आहे, गोल्फवाल्या पीजीएचं आहे, व्हिडिओ गेमचं म्युझियम आहे, कार्यसिद्धी हनुमानाचं मोठं देऊळ आहे. घोडा तेवढा नाही. एकेकाळी शॉनी ट्रेलवरून घोडेस्वार लांब शिंगांच्या गुरांचे कळप हाकत उत्तरेला न्यायचे. त्याच वाटेवर आता प्रेस्टन रोड आहे आणि त्यावर दातांचे दवाखाने, गणिताच्या शिकवण्या आणि बिर्याणी. घोडे उरले ते बागेत, ब्राँझचे. हाडामांसाचा घोडा पाहायचा तर कुणा गुजराती नाहीतर पंजाबी मित्राच्या मुलाच्या लग्नाची वाट पाहावी लागते. भाड्याचा पांढरा घोडा ट्रेलरमधून येतो, नवरदेव त्यावर बसतो आणि आमच्यातलं कुणीतरी लगेच घोड्याच्या खांद्याची उंची अजमावू लागतं.

आमच्यातलं म्हणजे गिरगावकर, पुणेकर, बडोदेकर आणि खेडकर. ही त्यांची आडनावं नव्हेत, मुळं आहेत. मी नगरचा. नगरला रेस नाही, रणगाड्यांचं म्युझियम आहे. आमच्याकडे घोडदळाचेसुद्धा रणगाडे झालेले. म्हणून सर्वानुमते मला पंच नेमलं. शनिवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी जमायचं, बायका-मुलं आतबाहेर करत असतात, आणि चौघांनी एकमेकांवर घोड्यांची माहिती फेकायची. नियम दोन. माहितीचा कुणाला काडीचा उपयोग होता कामा नये. आणि समोरच्याने "हे मला माहीत होतं" म्हटलं की ती बाद. पैसे अर्थातच लावायचे नाहीत.

वादाला तोंड बहुतेक वाढदिवसावरून फुटतं. उत्तर गोलार्धातल्या झाडून सगळ्या थरोब्रेड घोड्यांचा अधिकृत वाढदिवस १ जानेवारी. शिंगरू ३१ डिसेंबरच्या रात्री जन्मलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी ते कागदोपत्री एक वर्षाचं. दक्षिण गोलार्धात बऱ्याच ठिकाणी हाच दिवस १ ऑगस्ट. ही माहिती अमेरिकन शेजाऱ्याला सांगितली तर तो डोळे विस्फारतो. आमच्यात कुणाची पापणीसुद्धा हलत नाही, कारण आमच्या सगळ्यांच्या वडिलांचा वाढदिवस १ जून आहे. शाळेत नाव घालताना जन्मतारीख कुणाला आठवेना, तेव्हा गुरुजींनी सरसकट १ जून लिहून टाकली. महाराष्ट्रातल्या त्या पिढीला घोड्यांचं दुःख समजावून सांगावं लागत नाही. इथल्या आयांनाही लागत नाही. टेक्सासात १ सप्टेंबरपर्यंत पाच वर्षं पूर्ण झाली तरच मूल किंडरगार्टनमध्ये. बाळ २ सप्टेंबरला झालं की एक वर्ष घरी. म्हणून घोड्यांची पैदास करणारे डिसेंबरातलं शिंगरू का टाळतात हे गिरगावकर समजावू लागले, तेव्हा त्यांची बायको शांतपणे म्हणाली, "उघड आहे. तीन वर्षांच्यांच्या शर्यतीत ते अडीच वर्षांचं दिसणार बिचारं."

"पण १ जूनला आणखी कुणाचा वाढदिवस असतो?" पुणेकर विचारतात. उत्तर सगळ्यांना माहीत आहे, तरी ते दर वेळी विचारतात. डेक्कन क्वीनचा. १ जून १९३० रोजी ती सुरू झाली तेव्हा शनिवार-रविवारची गाडी होती आणि मुंबईच्या शौकिनांना पुण्याच्या रेसला आणणं हे तिचं मुख्य काम. डब्यांचा एक संच रुपेरी, दुसरा निळा. पुढे ती रोजची झाली, तीत ऑम्लेट आलं, पासधारक आले, पासधारकांची जागेवरून भांडणं आली. दर १ जूनला तिच्या नावाने केक कापतात. पुण्यातल्या सभ्य, सुसंस्कृत, रेसला नावं ठेवणाऱ्या नोकरदार वर्गाने आयुष्यभर ज्या गाडीने अपडाउन केलं ती जुगाऱ्यांसाठी सोडलेली होती, हे सांगताना पुणेकरांच्या चेहऱ्यावर जो आनंद असतो तो घोडा लागलेल्या माणसाच्याही नसेल.

गिरगावकरांना हे सहन होत नाही. "म्हणजे आम्ही यायचो म्हणून तुमच्याकडे रेस होती."

"पावसाळ्यात तुमच्याकडे चिखल होतो म्हणून यायचात. अजूनही तुमचे घोडे जुलैला पुण्यातच येतात. हवा मानवते त्यांना."

मग गिरगावकर महालक्ष्मी काढतात. १८८३ साली सुरू झालेला रेसकोर्स, त्याआधी भायखळ्याला धावत असत ते घोडे, मेलबर्नच्या कॉलफील्डवरून घेतलेला नमुना, फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारची डर्बी. वसंत शिंदे आणि पांडू खाडे या जॉकींची नावं ते भीमसेन-कुमारांच्या चालीवर घेतात. आणि शेवटी ठेवणीतलं अस्त्र म्हणून एल्युसिव्ह पिम्परनेल. तेवीस शर्यती, बावीस विजय. त्याच्या आधीचा स्क्वाँडरर, एकोणीस शर्यती, अठरा विजय. हे ऐकून एखादा टाळ्या वाजवील. आमच्या मराठी मंडळींच्या तोंडून एकच प्रश्न बाहेर पडतो, "तो एक कुठे गेला?" या घोड्यांचं नशीब की ते मराठी घरात जन्मले नाहीत. बावीस शर्यती जिंकून पागेत परतल्यावर दारातच विचारलं गेलं असतं, की शेजारच्याचा घोडा तेवीसपैकी तेवीस आणतो, त्याला काय वेगळी हरभऱ्याची डाळ घालतात?

पंच या नात्याने मला सर्वांत आवडलेला घोडा एक्लिप्स. १ एप्रिल १७६४ ला, सूर्यग्रहण चालू असताना इंग्लंडात जन्मला, म्हणून नाव एक्लिप्स. तेव्हा पानिपताला तीन वर्षं झाली होती आणि पुण्यात थोरले माधवराव गादीवर होते. हा घोडा शनिवारवाड्याच्या पागेत जन्मला असता तर त्याची शांत करावी लागली असती, दानधर्म झाला असता, आणि एवढं करूनही त्याला कुणी मोहिमेवर नेलं नसतं. तिकडे तो अठरा शर्यती धावला आणि अठराच्या अठरा जिंकला. पुढे पुढे समोर उभा राहायला कुणी मिळेना, तेव्हा एकटाच चालत जाऊन जिंकायचा. आज जगात धावणाऱ्या बहुतेक सगळ्या थरोब्रेड घोड्यांचा पितृवंश त्याच्यापर्यंत जातो. ग्रहणात जन्मलेल्याची पत्रिका पाहायची तर यापुढे एवढं ध्यानात ठेवा, असं पुणेकरांनी आपल्या आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं. आई म्हणाल्या, "घोड्याला कुठे मंगळ बघावा लागतो?"

वंशावळीचा विषय निघाला की बायका आतून बाहेर येतात, हेही मी पाहिलं आहे. इंग्लंडात घोड्यांच्या कुळांची नोंदवही १७९१ मध्ये निघाली. तीत घोड्याची ओळख बापाबरोबर आईच्याही नावाने होते. आईचा बाप कोण हेसुद्धा लिहितात. महाराष्ट्र सरकारने माणसांच्या कागदपत्रांवर मुलाच्या नावापुढे आईचं नाव सक्तीचं केलं ते १ मे २०२४ पासून. बडोदेकरवहिनींनी हा हिशेब तोंडी केला, २३३ वर्षं, आणि पुन्हा आत गेल्या. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. त्या शनिवारी मी विजेत्या म्हणून त्यांचं नाव घोषित केलं. स्पर्धक नसताना जिंकण्याची एक्लिप्सनंतरची ही दुसरीच खेप.

बडोदेकर स्वतः कमी बोलतात. त्यांना घाई नसते. बाकीचे दमले, चहाची दुसरी फेरी झाली, की ते घसा साफ करतात आणि म्हणतात, "सयाजीराव."

१९४५ साली बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी इंग्लंडात एक वर्षाचा घोडा अठ्ठावीस हजार गिनींना विकत घेतला. तोवर त्या वयाच्या घोड्याला एवढी किंमत कुणी दिली नव्हती. त्याचा सख्खा भाऊ दांते त्याच वर्षी डर्बी जिंकलेला, म्हणजे घराणं तपासून केलेली खरेदी. महाराजांनी घोड्याला आपल्या आजोबांचं नाव दिलं, सयाजीराव. आता कल्पना करा. १९४७ सालचं इंग्लंड. लढाईने मोडकळीला आलेलं, साखर-लोणी रेशनवर, साम्राज्य हातातून निसटत चाललेलं. आणि तिथले लॉर्ड लोक, दुर्बिणी लावून, "कम ऑन, सयाजीराव" असं ओरडताहेत. उच्चार काय करत असतील तो परमेश्वराला ठाऊक. घोडा दोन हजार गिनीच्या शर्यतीत तिसरा आला, डर्बीत तिसरा आला. इतक्या महागाच्या घोड्याबद्दल जे बोललं जातं ते बोललं गेलंच असणार. मग त्याने आयरिश डर्बी जिंकली. आणि सप्टेंबरात, भारत स्वतंत्र होऊन महिना होत आला असताना, डाँकास्टरला सेंट लेजर जिंकली. वर जॉकी एडगर ब्रिट, ऑस्ट्रेलियन.

इथे बडोदेकर थांबतात. चहाचा एक घोट घेतात. "तहबिह काही नाही," ते म्हणतात. "सरळ पुढे निघून गेले."

आणि कुणी सावरायच्या आत पुढचा वार येतो. १९४३ ची पहिली इंडियन डर्बी, महालक्ष्मीला, कुणी जिंकली? प्रिन्सेस ब्यूटिफुल. मालक कोण? बडोद्याचे महाराज. जॉकी कोण? हाच एडगर ब्रिट. गिरगावकरांच्या मैदानात येऊन गिरगावकरांना मारलेली ही चपराक असते, आणि ती ते दर वेळी बिचारे बोटं मोडत सोसतात. एवढं खरं, की सयाजीराव तिसऱ्यांनी शाळा काढल्या, ग्रंथालयं काढली, आंबेडकरांना शिकायला परदेशी पाठवलं. त्यांचं नाव शर्यतीच्या घोड्याला द्यावं का, हा प्रश्न खेडकरांनी विचारला तेव्हा बडोदेकर प्रथमच जरा चाचरले. "जिंकला ना," ते म्हणाले. हरला असता तर काय, हे आम्ही विचारलं नाही.

खेडकर आमच्यातले एकटेच असे की ज्यांनी घोड्याला स्वतःच्या हाताने पाणी दाखवलं आहे. त्यांच्या खेड, जुन्नर, आंबेगाव भागात बैलगाड्याची शर्यत असते. घाटात सर्वांत पुढे घोडी पळते, वर स्वार, आणि तिच्यामागे बैल. सेकंदांवर निकाल. मध्ये बरीच वर्षं कोर्टाची बंदी होती, २०२३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने कायमचा मार्ग मोकळा केला. खेडकर म्हणतात, "सगळ्या जगात रेसमधी जो घोडा पहिला येतो तो जिंकतो. आमच्याकडं घोडी हर बारीला पहिली येते आणि गुलाल बैलावर पडतो." यावर इतरांकडे उत्तर नाही. इतर तिघांनी घोडे पुस्तकात पाहिलेले.

माझ्या मते फ्रिस्कोतल्या मुलांना शिकवायला हवा तो झिपी चिपी. न्यूयॉर्क राज्यातला घोडा, १९९१ चा जन्म. कुळ असं की पूर्वजांत मॅन ओ' वॉर, नॉर्दर्न डान्सर, बोल्ड रूलर अशी एकाहून एक नावं; मुलगी द्यायला डोळे मिटून तयार व्हावं. तो शंभर शर्यती धावला आणि एकही जिंकला नाही. एकदा तर बाकीचे घोडे सुटले आणि हा दारातच उभा राहिला. असं वारंवार झालं म्हणून एका रेसकोर्सने त्याला यायलाच बंदी केली. पुढे चाळीस यार्डांच्या अंतरावर त्याला एका बेसबॉल खेळाडूबरोबर पळवलं, तर माणूस पुढे आला. इतकं करून लोकांचं त्याच्यावर अलोट प्रेम. निवृत्तीनंतर तो आरामात राहिला आणि २०२२ मध्ये, एकतिसाव्या वर्षी, सुखाने गेला. ही गोष्ट मी एका शनिवारी मुलांना सांगायला घेतली. स्पेलिंग बी, गणित ऑलिंपियाड, बुद्धिबळ, भरतनाट्यम अशा चारही आघाड्यांवर धावणारी ती मुलं पहिल्यांदाच मनापासून हसली. तेवढ्यात एक आई आली आणि म्हणाली, "काका, असलं काही नका सांगू हं. पुढच्या आठवड्यात त्याची रिजनल आहे."

जपानी लोक यापुढे गेले. त्यांची हारू उरारा नावाची घोडी ११३ शर्यती हरली. तिच्यावर लावलेलं तिकीट कधी लागत नाही, म्हणून ते गाडीत ठेवलं तर गाडीला काही लागत नाही, असा समज पसरला आणि लोक अपघात टाळायला तिची तिकिटं घेऊ लागले. जपानचा सर्वांत नावाजलेला जॉकी युताका ताके तिच्यावर बसला. अकरा घोड्यांत ती दहावी आली. संध्याकाळी पाचनंतर हायवे १२१ वरून घरी येणाऱ्या प्रत्येक फ्रिस्कोकराने असं एक तिकीट डॅशबोर्डवरच्या गणपतीशेजारी ठेवावं, अशी सूचना आली आणि एकमताने मंजूर झाली.

हसू थांबल्यावर गिरगावकरांनी फ्रँक हेजची गोष्ट सांगितली. १९२३, न्यूयॉर्कचा बेलमाँट पार्क. स्वीट किस नावाच्या घोडीवर बसलेला हा स्वार शर्यतीत मध्येच हृदयविकाराने मेला, पण खोगिरावरच राहिला. घोडी पहिली आली. भाव एकास वीस. अभिनंदन करायला लोक धावले तेव्हा कळलं. आम्ही सगळे आयटीतले. काही क्षण गंभीर शांतता पसरली. मग पुणेकर हळूच म्हणाले, "हे ऑफिसात कुणाला सांगू नका. अपेक्षा वाढतील."

एवढं ज्ञान असल्यावर माणूस प्रत्यक्ष रेसकोर्सवर कधीतरी जाणारच. फ्रिस्कोहून तासाभरावर ग्रँड प्रेअरीत लोन स्टार पार्क आहे. जाताना गाडीत गिरगावकरांनी टेक्सासचा इतिहास ऐकवला, आणि तो ऐकण्यासारखा आहे. वॅगनर नावाच्या गुरांच्या आणि तेलाच्या मालकाने १९२९ मध्ये या भागात आर्लिंग्टन डाउन्स हा रेसकोर्स बांधला. तेव्हा टेक्सासात घोड्यावर पैसे लावायला कायद्याने परवानगीच नव्हती. ती मिळाली १९३३ ला. म्हणजे आधी चार वर्षं बिनपैशाचा रेसकोर्स! गाडीत सगळ्यांनी मान लववली. १९३७ मध्ये परवानगी पुन्हा गेली, ती जनमत घेऊन परत यायला १९८७ उजाडलं. लोन स्टार पार्क १९९७ मध्ये उघडला. २००४ ला अमेरिकेतली मानाची ब्रीडर्स कप तिथे झाली आणि घोस्टझॅपरने मुख्य शर्यत मारली. आजही टेक्सासचा नियम असा की पैसे लावायचे तर रेसकोर्सवर सदेह हजर व्हा, घरबसल्या फोनवरून नाही.

आम्ही सदेह हजर झालो. पुस्तिका घेतली. तीत प्रत्येक घोड्याचे आईबाप, आईचा बाप, मागच्या शर्यती, वजन, मालकाच्या रेशमी सदऱ्याचा रंग असं सगळं असतं. ते वाचता वाचता दोन शर्यती आटोपल्या. तिसऱ्या शर्यतीआधी खेडकर पॅडॉकच्या कठड्याशी जाऊन उभे राहिले आणि घोड्यांचे पाय पाहू लागले. बाकीचे टोटची चर्चा करत होते. टोट म्हणजे आपली भिशीच, फरक एवढाच की चालवणारा आपला वाटा आधी कापून घेतो. सगळ्यांचे पैसे एका ठिकाणी, आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात. ही पद्धत जोसेफ ओलेर या माणसाने १८६७ मध्ये पॅरिसला काढली. त्यानेच पुढे मूलाँ रूज या नाचगाण्याच्या थिएटराची भागीदारीत स्थापना केली. पुणेकर म्हणाले, "एकाच माणसाने घराणी बुडवायच्या दोन्ही सोयी केल्या."

एकूण घोडे नऊ. कमीत कमी पैज दोन डॉलर. प्रश्न असा होता, की एका घोड्यावर पैसे लावले आणि तो हरला तर? सखोल विचाराअंती ठरलं, की नऊच्या नऊ घोड्यांवर दोन दोन डॉलर लावायचे, म्हणजे हरण्याचा संभवच नाही. खिडकीवरच्या बाईने आमच्याकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि नऊ तिकिटं दिली. घोडे सुटले. आम्ही सगळ्यांसाठी सारख्याच प्रेमाने ओरडलो. फेवरिट पहिला आला. आम्ही जिंकलो! खिडकीवर चार डॉलर साठ सेंट मिळाले. खर्च अठरा. तेरा डॉलर चाळीस सेंटची खोट, पाच जणांत माणशी दोन डॉलर अडुसष्ट. खेडकर सांगत होते की पाय पाहून त्यांना तोच घोडा येणार हे आधीच समजलं होतं. कुणी विचारलं नाही म्हणून ते बोलले नाहीत. नुसत्या त्यांच्या घोड्यावर दोन डॉलर लावले असते तर दोन डॉलर साठ सेंट फायदा झाला असता. पण मग पार्किंगपर्यंत चालताना बोलायला विषय काय राहिला असता?

मे महिन्यातला पहिला शनिवार हा आमचा सण. केंटकी डर्बी. १८७५ पासून चालू आहे. घोड्याला ही शर्यत आयुष्यात एकदाच, तीन वर्षांचा असतानाच धावता येते. पुन्हा बसायची सोय नाही. शर्यत दोन मिनिटांची, आमचा कार्यक्रम पाच तासांचा. तिकडे बायका मोठमोठ्या हॅट घालतात, म्हणून इकडे वहिनींनी टोपल्यांना ऑर्गँझा लावून हॅट केल्या. पुणेकर पुणेरी पगडी घालून आले आणि ही मुळातच पोशाखाच्या नियमात बसते असं सांगू लागले. पुदिन्याच्या मिंट ज्युलेपऐवजी पन्हं. टीव्हीवर जॉकी चढत असताना बटाटेवडे आले. ते वाटून होईपर्यंत शर्यत संपली. त्याचं कुणाला वाईट वाटलं नाही, कारण खरा कार्यक्रम त्यानंतर असतो. त्या दिवशी विषय कुठूनही निघाला तरी सेक्रेटेरियटवर येऊन थांबतो. १९७३. डर्बी एक मिनिट एकोणसाठ पूर्णांक चार दशांश सेकंदांत. हा विक्रम अजून शाबूत. मग बेलमाँट, दीड मैल, दोन मिनिटं चोवीस सेकंद, आणि दुसऱ्या घोड्याच्या एकतीस लांब्या पुढे. कॅमेरा मागे मागे नेला तरी दोघे एका चित्रात मावेनात.

पण आमच्या मंडळींना वेगाचं तेवढं नवल नाही. त्यांना नवल पुढच्या आकड्याचं. त्या दिवशी बेलमाँटला सेक्रेटेरियटवर लावलेली आणि जिंकलेली ५,६१७ तिकिटं वटवायला कुणी आलंच नाही. लोकांनी ती आठवण म्हणून घरी नेली. दोन डॉलरच्या तिकिटाला दोन डॉलर वीस सेंट मिळत होते. तेवढ्यासाठी कोण ते तिकीट परत देईल? जिंकलेले पैसे सोडून देणारी इतकी माणसं एका दिवशी एका मैदानात होती. गिरगावकर हे सांगतात तेव्हा त्यांचा आवाज कापरा होतो. आमच्यासारखी माणसं जगात आहेत, फक्त त्यांनी आधी दोन डॉलर भरलेले असतात.

असं सगळं सुरळीत चालू आहे. अडचण एवढीच, की चौघांचा साठा आता संपत आला आहे आणि "हे मला माहीत होतं" फार वेळा ऐकू येऊ लागलं आहे. तेव्हा वाचकांना विनंती : तुमच्या आजोबांनी सांगितलेली, एखाद्या जुन्या रेसबुकात सापडलेली, घोड्याविषयीची कसलीही निरुपयोगी पण खरी माहिती असेल तर जरूर कळवा. टीप मात्र पाठवू नका. ती लागली, तर आम्हाला घरी तोंड दाखवायला जागा राहणार नाही.